पावसाळ्यात विळी आणि सुरी: दुरुस्तीच्या नोंदी

२६ मे २०२४, रविवार

कामाला तीन वस्तू घेतल्या आहेत. मावशीची घडीची विळी, टोकाला खवणी असलेली, चिपळूणहून आली. जुन्या बाजारातून आज आणलेली लांब सुरी: पातं २० सेंटिमीटर, मूठ लाकडी, गंजाखालून ‘शेफील्ड’ एवढंच वाचता येतं. आणि सुरीवाल्याने वर फुकट दिलेली टेबलावरची बोथट सुरी, पिवळसर पांढऱ्या मुठीची. विळी नारळी पौर्णिमेच्या आत परत द्यायची आहे, म्हणजे १९ ऑगस्टच्या आधी. बाकी दोघींची घाई नाही.

पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे सुऱ्या शोधायच्या तर हत्यारांच्या ढिगात शोधा, भांड्यांच्या नाही. लोहचुंबक घेऊन जा असं बरेच जण सांगतात, त्याचा उपयोग नाही. सुऱ्यांचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. त्यापेक्षा गंज बघा. साध्या पोलादाची सुरी सगळीकडून तपकिरी-काळी पडलेली असते, स्टेनलेसवर सुटे ठिपके असतात. मग सुरी डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेतून बघायचं. वाकलेली असली तर कळते, आणि धार लावणाऱ्याच्या चाकाने टाचेजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाशी, पाडलेला खळगाही दिसतो. या सुरीत तो आहे. दीडशे सांगितले होते, खळगा दाखवल्यावर ८० ला मिळाली.

किती गंजली आहे यावर सुरी नाकारू नका. वरचा गंज एका दुपारचं काम आहे. मूठ कुठे फुगली आहे का ते तपासा. लाकूड आणि पोलाद यांच्या फटीत पाणी मुरतं, आत गंज वाढत जातो, आणि तो लाकडाला बाहेर ढकलतो. विळीचंही तेच: पातं जिथे पाटाला धरलेलं असतं तिथे हात लावून हलवून बघा. मावशीची विळी अशी डुलते की मी तिच्यावर काकडीसुद्धा चिरणार नाही.

२ जून, रविवार

विळी उघडली. पाटावर लोखंडाचे दोन कान ठोकलेले आहेत, त्यांच्यामध्ये पातं, आणि तिघांतून आरपार एक खीळ. त्या खिळीवर पातं फिरतं आणि घडी होते. मूळ खीळ केव्हाच गेलेली होती, तिच्या जागी कोणीतरी मोठा खिळा घालून दुसऱ्या बाजूने वाकवला होता. तो गंजून कानांशी एकजीव झालेला. रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं, सकाळी डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारलं, हातोडीने हलके ठोके दिले, हलला नाही. शेवटी हॅकसॉचं नुसतं पान फटीत घालून कापला. पान फडक्यात गुंडाळून धरा, नाहीतर तळवा सोलतो.

खिळा निघाल्यावर डुलण्याचं कारण दिसलं. कानांची भोकं गोल राहिलेलीच नाहीत. ६ मिलिमीटरचं भोक झिजून लांबट झालं आहे, लांबीकडून साडेसात भरतं. पात्याचं भोकही तसंच.

पाट फणसाचा, जुना पण दणकट. कानांखाली मात्र भुंग्याने पोखरलाय. पाट बदलायचा का, असं फोनवर विचारलं तर मावशी म्हणाली, “बदलशील तर विळी तूच ठेव.” म्हणजे पाट राहणार.

सुरीची मूठ काढायला वेळ लागला नाही. तीन पितळी रिव्हेटांपैकी मधलं आधीच सैल होतं. डोकी कानशीने उतरवली आणि पंचाने मागून ठोकली. मुठीचे तुकडे सुटले तसा आतून गंजाचा पापुद्राच पडला, नखाएवढा जाड. पात्याचं जे शेपूट मुठीत असतं ते एका जागी अर्ध्या जाडीचं उरलंय. तुटणार नाही, पण अजून दहा वर्षं तशीच वापरली असती तर तिथेच तुटली असती.

९ जून, रविवार

गंज उतरवला. सुरी व्हिनेगरमध्ये आणि विळीचं पातं सायट्रिक अॅसिडमध्ये, मुद्दाम वेगवेगळं.

सायट्रिक जिंकलं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पूड, पातं पूर्ण बुडेल असा प्लास्टिकचा ट्रे. तासातासाने बाहेर काढून काथ्याने घासायचं. चार तासांत बहुतेक गंज सुटला. व्हिनेगरला रात्रभर लागलं, घरभर वास, आणि सुरी जिथे पाण्याच्या पातळीशी होती तिथे आडवी रेघ कोरली गेली. ती रेघ अजून आहे. अॅसिडमध्ये वस्तू अर्धवट बुडलेली ठेवायची नाही, आणि ठेवून झोपायचं तर अजिबात नाही, कारण गंज संपला की अॅसिड पोलाद खायला लागतं.

विजेच्या पद्धतीबद्दलही विचारलं जातं: धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, वस्तू ऋण टोकाला आणि धन टोकाला लोखंडाचा फालतू तुकडा. ही पद्धत चालते आणि पोलाद खात नाही. दोन गोष्टी पाळा. धन टोकाला स्टेनलेसचा तुकडा लावू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत करू नका. माझ्याकडे बाल्कनी आहे पण पाऊस आत येतो, म्हणून केलं नाही.

विळीचं पातं अॅसिडमधून निघालं तेव्हा एक गोष्ट समोर आली. पातं दोन रंगांचं दिसलं. वरचं अंग फिकं राखाडी, धारेकडचा पट्टा गडद, आणि दोघांमध्ये नागमोडी सांधा. लोहाराने पातं लोखंडाचं घडवून धारेपुरतं पोलाद जोडलेलं आहे. कानस फिरवून पाहिली: वरच्या भागात चावते, म्हणजे तो मऊ; पट्ट्यावर घसरते, म्हणजे तो कडक. हा पोलादी पट्टा आता जेमतेम ८ मिलिमीटर उरलाय. तो संपला की विळी संपली. म्हणून ठरवलं की या पात्याच्या धारेला मशीन लावायचं नाही.

१० जून, सोमवार

काल रात्री दोन्ही पाती, अॅसिड मारायला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, पुसून, वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी दोन्ही नारिंगी. या हवेत ओलं उघडं पोलाद तासभरही टिकत नाही. आता क्रम असा: अॅसिड, सोडा, मग उकळतं पाणी. पातं इतकं तापायला हवं की बाहेर काढल्यावर पाणी आपणच उडून जाईल. गरम असतानाच तेल.

तेल कोणतं? खोबरेल लावून पाहिलं, त्याला पुढे खवट वास येतो. शिवणयंत्राचं तेल खाण्याच्या वस्तूला नको. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याला वास नाही, ते खवट होत नाही आणि पोटात गेलं तरी चालतं. माझी बाटली ११० रुपयांना आली.

१६ जून, रविवार

आजचं काम बिघडलं, जरा सविस्तर लिहितो.

सुरीच्या पात्यावर गंजाचे खड्डे आहेत. हाताने १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासत होतो. तासाभराने एका बाजूचा चतुर्थांश झाला. मग अँगल ग्राइंडर काढला, फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) लावली, आणि दहा मिनिटांत दोन्ही बाजू चकचकीत. टोकाकडे येताना पातं पातळ होत जातं, उष्णतेला पसरायला जागा नसते. टोक आधी गवती पिवळं झालं, मग तपकिरी, आणि मी डिस्क उचलेपर्यंत निळं.

पिवळा रंग साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअसला येतो, निळा तीनशेच्या आसपास. पिवळ्यापर्यंत सुरीचं फारसं बिघडत नाही. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला. तेवढ्या भागाची धार लावली तरी टिकणार नाही, दोन टोमॅटोंत वाकेल. कानस लावली तर निळ्या भागात चावली, मागे घसरली, म्हणजे शंका उरली नाही. निळा रंग पेपरने घासून घालवता येतो आणि सुरी छान दिसते, जुन्या बाजारात अशा ‘छान’ सुऱ्या पुष्कळ असतात. पण रंग गेला तरी मऊपणा तसाच राहतो.

घरी पुन्हा पाणी देणं मला जमणारं नाही. २० सेंटिमीटरचं पातळ पातं सारखं तापवून विझवायचं म्हणजे ते पिळवटणार. म्हणून टोकच छाटलं, १२ मिलिमीटर. पाठीकडून कानशीने उतार देऊन नवं टोक काढलं. धारेकडून कापलं असतं तर धारेची पूर्ण रेषा बदलावी लागली असती. आता सुरी थोडी आखूड आणि नाकाशी बसकी दिसते.

ग्राइंडर डब्यात गेला. बाकीचे खड्डे हाताने, आणि सगळे काढायचेही नाहीत. धारेपासून दूर असलेला खड्डा काही बिघडवत नाही. धारेवर येणारा खड्डा मात्र काढावाच लागतो, नाहीतर तिथे धार करवतीसारखी तुटत राहते.

२२ जून, शनिवार

विळीचा सांधा. नऱ्ह्याला ओळखीचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथे ड्रिलिंग मशीनवर कानांची आणि पात्याची भोकं ८ मिलिमीटरची करून घेतली. पात्याच्या बुडाला लोखंड आहे, पोलाद नाही, म्हणून ड्रिल सहज गेलं. दुकानातले मामा म्हणाले, “साहेब, वेल्डिंग मारून टाकू का? परत कधी हलायची नाही.” घडी करून पलंगाखाली सरकवायची असते म्हटल्यावर हसले आणि १०० रुपये घेतले.

बोल्ट घेताना पूर्ण आट्यांचा घेऊ नका. कानांतून जाणारा भाग सपाट, गुळगुळीत हवा. आटे भोकात असले तर प्रत्येक घडीला भोक कानसलं जातं आणि दोन वर्षांत पुन्हा हेच दुखणं. बोहरी आळीत मोजून हवा तसा मिळाला. नट नायलॉनची कडी असलेला घ्या; तो हवा तितकाच घट्ट राहतो, घडी होते आणि सुटतही नाही. कान आणि पातं यांच्या मधल्या फटीत पितळेचे पातळ वॉशर. सगळं मिळून ४५ रुपये.

भुंग्याची भोकं लाकडाचा भुसा आणि अराल्डाइट कालवून भरली. कान आधी खिळ्यांवर होते, आता आरपार बोल्टवर आहेत, नट पाटाच्या खालून खोबणीत बुडवलेले. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, पाट सरकत नाही आणि फरशीवर चरेही येत नाहीत.

पण विळी जोडली आणि पातं मागे कललेलं! उघडल्यावर पात्याची टाच पाटावर टेकते आणि तीच पात्याला उभं धरते. मी टाच गंजासकट कानसून लख्ख केली होती. बोल्टपासून टाच २५ मिलिमीटरवर, खवणीचं टोक २०० मिलिमीटरवर. टाचेला एक मिलिमीटर कमी झालं की टोकाला आठ मिलिमीटर मागे. चिरताना आपण भाजी पुढे रेटतो, तेव्हा मागे कललेल्या पात्यावरून ती वर निसटते.

टाचेखाली एक मिलिमीटरचा पितळी पत्रा बसवला, दोन बारीक स्क्रूंनी. कोन मूळच्याइतका आला की नाही हे सांगता येत नाही, कारण विळी सुटी करण्याआधी तो कागदावर उतरवून घेतला नव्हता. तुम्ही घ्या. पातं उभं असताना मागे पुठ्ठा धरून पेन्सिल फिरवली की काम होतं.

३० जून, रविवार

सुरीची मूठ. शिसवीचे दोन तुकडे भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून, उरल्यासुरल्यातले, १५० रुपये. जुनी मूठ कोणत्या लाकडाची होती ते ओळखू आलं नाही, इतकं तेल आणि हळद प्यायलेली.

एक तुकडा शेपटाला शिकंज्यात धरून शेपटाच्या भोकांतूनच ड्रिल घालायचं, मग दुसरा तुकडा. दोन्ही लाकडांत आधी मोजून भोकं पाडली तर कधीच जुळत नाहीत.

३ जुलै, बुधवार

पितळी सळई ‘तीन एमएम’ म्हणून आणली. घरी कॅलिपर लावला तर ३.१७, म्हणजे एक अष्टमांश इंच. लाकडातलं भोक ३ चं. थोडंच तर आहे म्हणून हातोडीने बसवायला गेलो आणि शिसवी रेषेत उभी तडकली. शिसवीसारखं कडक लाकूड अशी जबरदस्ती सहन करत नाही. नवा तुकडा ७५ रुपये, ३.२ चं ड्रिल शेजाऱ्यांकडून. आता सळई बोटाने सरकते. तशीच सरकायला हवी. तिला घट्ट धरायचं काम गोंदाचं आणि नंतर ठोकून फुलवलेल्या डोक्याचं.

७ जुलै, रविवार

मूठ चिकटवली. साधं अराल्डाइट, पाच मिनिटांत सुकणारं नाही. शेपटाचा प्रत्येक खड्डा गोंदाने भरून काढला, कारण या सुरीचा शत्रू ती फट होती. लोहाराच्या हत्यारांत शेपूट तापवून लाख भरतात, तीही याचसाठी: पाण्याला आत जागाच ठेवायची नाही. शिकंजे आवळताना हात राखला. फार आवळलं की गोंद सगळा बाहेर येतो आणि आत सांधा कोरडा राहतो. पात्याकडे ओघळलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटने पुसायचा. सुकल्यावर तो फक्त कानशीने निघतो, आणि कानशीने पात्यावर चरे पडतात.

टेबलावरची सुरी. मूठ हस्तिदंती वाटते, पण हस्तिदंतात बारीक जाळीदार रेषा असतात त्या इथे नाहीत. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला. म्हणजे सेल्युलॉइड. अशी मूठ आगीजवळ, ग्राइंडरजवळ न्यायची नाही, सुऱ्या तापवून मूठ काढायची सवय असेल तर इथे तर अजिबातच नाही. सेल्युलॉइड भडकन पेटतं. पात्यावर ‘फर्थ स्टेनलेस’ असा ठसा. शेफील्डमध्ये हॅरी ब्रियरली यांनी १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद काढलं ते फर्थ आणि ब्राउन या दोन कंपन्यांच्या प्रयोगशाळेत, त्याच घराण्यातली ही सुरी. भांडी घासायच्या पावडरने पाच मिनिटांत स्वच्छ झाली. लोणी लावायला ठेवली. हिचं काम संपलं.

१४ जुलै, रविवार

धार. माझ्याकडे दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आहे, २६० रुपयांचा, मधोमध खोल झिजलेला. अशा दगडावर सुरीचा कोन प्रत्येक ओढीला बदलतो. गच्चीवरच्या शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून दगड घासला, अर्ध्या तासात सपाट. दगडावर पेन्सिलीने जाळी काढा; सगळी जाळी पुसली गेली की झालं.

सुरीचं पातं ४ सेंटिमीटर रुंद. पाठ दगडापासून सव्वा सेंटिमीटर उचलली की १८ अंशांच्या आसपास कोन येतो. धारेच्या उतारावर मार्करने शाई लावून दोनदा ओढायचं आणि बघायचं. शाई फक्त पाठीकडची पुसली गेली तर पाठ खाली धरली आहे, फक्त काठावरची पुसली गेली तर पाठ फार उचलली आहे. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बोटाला बारीक काठ लागेपर्यंत. वर्कशॉपात त्याला बर म्हणतात. बर आल्याशिवाय बाजू बदलली तर कितीही बारीक दगड वापरा, धार येत नाही. टाचेजवळच्या खळग्यात बर येईना. तो खळगा काढायला बाकीची धार दीड मिलिमीटर मागे न्यावी लागली. अख्खी दुपार त्यातच गेली. धार लावणाऱ्याने त्या चाकावर किती सेकंद काढले असतील कोण जाणे.

मग १००० आणि ३००० नंबरचे पाण्याचे दगड, म्हणजे ओले करून वापरायचे (नंबर मोठा तितका दाणा बारीक), शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर बफिंगचा हिरवा साबण, म्हणजे पॉलिशची वडी.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

उपासाची चिराचिरी सुरीकडे. सुरण सहज कापला, रताळ्याच्या चकत्या पातळ आल्या. सुरणाने पातं काळंनिळं झालं आणि चकत्यांच्या कडाही करड्या पडल्या, बायकोने त्या बाजूला काढल्या. नवं घासलेलं साधं पोलाद पहिले काही दिवस असं करतं. त्यावर उपाय म्हणून पातं रात्री कडक काळ्या चहात बुडवलं, पूर्ण, आणि सकाळी धुतलं. गडद राखाडी थर आला. त्यानंतर कैरीलाही फारसा डाग नाही.

टोमॅटोवर मात्र धार घसरली. ३००० आणि चामड्याने ती इतकी गुळगुळीत झाली की सालीला पकडतच नाही. १००० च्या दगडावर चार हलक्या ओढी दिल्या, सालीत लगेच शिरली. आपल्या स्वयंपाकात १००० वर थांबलेलं बरं. केस कापून दाखवायची हौस असेल तर पुढे जा.

२१ जुलै, रविवार

विळीची धार उलट्या पद्धतीने: पातं जागच्या जागी, दगड फिरतो. पाटावर बसून स्वतःकडे दगड ओढायचा नाही. मी पाट टेबलावर शिकंज्याने आवळला, पात्याच्या मागे उभा राहिलो आणि दगड धारेपासून पाठीकडे नेत राहिलो. हातात जाड मोजे. पातं आत वळलेलं असल्याने सपाट दगड मधल्या भागाला टेकत नाही. तिथे पाऊण इंची पाइपाच्या तुकड्याला ४०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळला. आठ मिलिमीटरच्या पट्ट्यातला जेमतेम केसभर गेला असेल.

खवणीला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. दातांची टोकं गोल झालेली, त्यामुळे नारळाचा चव निघत नव्हता, जाड कीस पडत होता. बारीक त्रिकोणी कानस घेऊन दोन दातांमधली खाच खोल करायची, दातांच्या टोकाला हात लावायचा नाही. टोकं कानसली की सगळे दात आखूड होतात, आणि एखादा उंच राहिला तर तोच करवंटी उकरतो. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर.

२८ जुलै, रविवार

सुरीच्या मुठीला जवसाचं तेल लावून दोन आठवडे झाले, अजून चिकट. हवा दमट, ऊन नाही, आणि मी हात भरून लावलं होतं. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थर असेल तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं. टर्पेंटाइन पूर्ण उडाल्यावर नव्याने एक थेंब तेल, फडक्याने चोळून, आणि दहा मिनिटांनी दिसेल तेवढं सगळं पुसून टाकलं. मूठ पत्र्याच्या डब्यात ४० वॅटच्या पिवळ्या बल्बजवळ. दुसऱ्या दिवशी कोरडी.

जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. घट्ट होताना ते तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून टाका, किंवा पसरून दोरीवर वाळवा.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

आज चिरणं-कापणं बंद, मावशीकडे आणि आमच्याकडेही. दिंडं खाऊन हिशेब लिहितोय.

सुरी ८०, सायट्रिक अॅसिड ९०, पेपर २४०, फ्लॅप डिस्क ६०, बोल्ट वगैरे ४५, ड्रिलिंग १००, शिसवी १५० आणि तडकल्यामुळे आणखी ७५, पितळी सळई १२०, अराल्डाइट १८०, पॅराफिन ११०, जवसाचं तेल २००, कार्बोरंडम दगड २६०, पाण्याचे दगड ११००, त्रिकोणी कानस ९०. एकूण २९०० रुपये. एवढ्यात चांगल्या नव्या सुऱ्या आल्या असत्या, हे घरात ऐकवून झालंय. दगड आणि कानस पुढच्या कामांना राहतील. पाण्याचा ३००० चा दगड घेतला नसता तरी चाललं असतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

विळी शनिवारी एसटीने चिपळूणला पोचली. काल नारळीभातासाठी तिच्यावर नारळ खवले गेले. मावशीचा रात्री फोन.

“हलत नाही हो आता, छान झालंय. पण खवणीचे डावीकडचे दात करवंटीपर्यंत जातात, चवात काळं येतंय.”

डावीकडच्या खाचा मी उजव्या हाताने, कानस तिरकी धरून काढल्या होत्या, त्यामुळे ते दात जास्त टोकदार झाले असणार. तिला सांगितलं, १००० नंबरच्या पेपरचा तुकडा पाठवतो, तेवढ्या चार-पाच दातांच्या टोकांवरून दोनदा फिरव, जास्त नाही. ती म्हणाली पेपर नको, पाट्यावर घासते. पाटा खरखरीत, त्यावर दात पुन्हा गोल होतील. पेपर आज कुरिअरने टाकला.